वाकल्यावर धरणारा हात

यमुनाक्कांच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असायची. शेजारपाजारच्या बायका अंबाड्यात मोगरा माळत. यमुनाक्का मोगराही माळत आणि त्याच्या वरच्या अंगाला ही पेन्सिल. कडक शिशाची, ब्लेडनं तासलेली, टोक सुईसारखं नव्हे तर छिन्नीसारखं चपटं. देवळात जाताना गजरा नवा असे, पेन्सिल तीच. लग्नात कांजीवरम नेसून, नाकात हिऱ्याची चमकी घालून त्या पंगतीत वाढत असायच्या आणि मागून पाहावं तर अंबाड्यात पेन्सिल. त्यांच्या यजमानांनी, रावांनी, त्या पेन्सिलीकडे बघणं कधीच सोडून दिलं होतं.

मी मालवणची. बँकेनं मला चेन्नईला टाकलं तेव्हा तिरुवान्मियूरला जे घर मिळालं ते नेमकं यमुनाक्कांच्या डोक्यावरचं. पहिल्याच आठवड्यात जिन्यात उभी राहून मी आईशी फोनवर तावातावानं बोलत होते, तर खालच्या दारातून आवाज आला, "मराठी बोलत्येस कां गे तूं?"

तंजावरच्या मराठी लोकांबद्दल मी शाळेत काय दोन ओळी वाचल्या असतील तेवढ्याच. यमुनाक्कांच्या घराण्यात कित्येक पिढ्या महाराष्ट्र कुणी पाहिला नव्हता, पण देवाशी, नवऱ्याशी आणि स्वैपाकघरात मराठीच. त्या बोलायला लागल्या की एखाद्या जुन्या पोथीला तमिळ शेजारीण भेटल्यासारखं वाटे. त्या दिवशी आम्ही बराच वेळ मराठीत बोललो आणि दोघींनाही निम्मंच कळलं. शेवटी त्यांनी कॉफीचा पेला माझ्या हातात दिला आणि मला एकदा वरून, एकदा बाजूनं न्याहाळलं. "बाजूनं बरी आहेस," म्हणाल्या. "समोरून मात्र सण्डैकारी दिसतेस."

सण्डै म्हणजे भांडण, एवढं तमिळ मला कळत होतं. पुढं माझं नावच कोकणकारी पडलं.

हे वरून, समोरून, बाजूनं प्रकरण म्हणजे यमुनाक्कांचा स्वभावच. मुलींच्या एका तंत्रनिकेतनात त्यांनी सगळी नोकरी यंत्रचित्रकला शिकवण्यात घालवली. कुठल्याही वस्तूच्या तीन आकृत्या काढायच्या, तिन्ही जुळल्या तरच वस्तू कळली म्हणायची. ही सवय त्यांनी माणसांनाही लावली होती. भाचीला स्थळ आलं, मुलगा देखणा, पगार भरपूर, सगळे खूश. यमुनाक्का म्हणाल्या, "समोरून छानच आहे. बाजूनं कोण बघितलं?" आणि रावांना त्या मुलाच्या ऑफिसजवळच्या हॉटेलात इडली खायला पाठवलं, तो वेटरशी कसा बोलतो ते बघायला. राव दोन सकाळी गेले. लग्न झालं नाही. त्या मुलाचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही, पण राव अजून त्या हॉटेलात इडली खायला जातात.

एवढं असून यमुनाक्का समाधानी नव्हत्या. एकदा त्यांनी मला ट्रंकेतले जुने कागद दाखवले. दोन दांडे एका खिळीवर फिरते जोडायचा सांधा, पाचर मारलेला सांधा, नाना तऱ्हेचे नट. रेघा इतक्या स्वच्छ की बोट लावायला भीती वाटावी. "कितीक मुलींकडून हे काढून घेतलं मी," त्या म्हणाल्या. "त्या मुली गेल्या, यंत्रं करतात, कारखाने चालवतात. माझं एक पण ड्रॉइंग कधी वस्तू झालं नाही ग." हे त्या रडगाणं म्हणून सांगत नव्हत्या. मोजमाप सांगावं तसं सांगत होत्या. मला मात्र वाईट वाटलं, आणि मी कागद परत घडी करायला घेतले, तर माझी घडी चुकीची म्हणून त्यांनी ते हिसकावून घेतले.

त्यांच्या हातून प्रत्यक्षात होणारी वस्तू म्हणजे बाहुल्यांचे हात. नवरात्रात तिकडे घरोघरी पायऱ्या मांडून त्यावर मातीच्या बाहुल्या बसवतात, त्याला गोलू म्हणतात. वर्षभर ट्रंकेत राहून बाहुल्यांचे हात हमखास मोडतात. नवरात्र जवळ आलं की आमच्या रस्त्यावरचे सगळे लुळेपांगळे देव यमुनाक्कांच्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडत. प्लास्टर, तार, रंग. राव ताट घेऊन हॉलमध्ये जात. "आमच्याकडे सध्या इस्पितळ आहे," असं ते मला सांगत.

आता सेल्वीबद्दल सांगायला हवं.

मासे खाल्ल्याशिवाय माझा रविवार होत नाही. तिरुवान्मियूरहून समुद्राच्या कडेकडेनं जाणारी बस पकडली की कोवलम येतं. तिथं होड्या लागतात त्या वाळूच्या वरच्या अंगाला मासे कापून देणाऱ्या बायका ओळीनं बसतात. प्रत्येकीची जागा ठरलेली, पाट ठरलेला, पुढ्यात विळी. आपल्यासारखीच विळी, पाय दाबून धरायची, आणि मासा दोन्ही हातांनी धरून पात्यावर रेटायचा. माझी कापणारी म्हणजे सेल्वी. काळीसावळी, दणकट, जिभेला हाड नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा "तुमच्या गावी असाच कापतात का, की तुम्ही नुसत्याच बघत बसता?" असं विचारून तिनं मला गप्प केलं होतं.

एका रविवारी सेल्वीच्या पाटावर तिची नणंद मल्लिका बसलेली दिसली. सेल्वी मागं, होडीच्या सावलीत. बर्फ फोडायच्या यंत्रात डावा हात गेला होता. कोपराच्या खाली थोडा उरला होता, तो तिनं पदराखाली घेतला होता. जखम भरून बरेच दिवस झाले होते. एका शिबिरात तिला हातही मिळाला होता, रबराचा, गव्हाळ रंगाचा, नखंबिखं असलेला. तो घरात खुंटीवर होता. "तो फोटो काढायचा हात आहे," सेल्वी म्हणाली. "त्यानं काही धरता येत नाही."

मल्लिका वाईट बाई नव्हती. तिनंच मला सगळं सरळ सांगितलं. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास, देवीची जत्रा होते. जत्रेनंतरच्या पहिल्या सकाळी जी बाई जिथं पाट टाकून मासे कापते, ती जागा पुढच्या जत्रेपर्यंत तिची. "तिला कापता आलं तर जागा तिची," मल्लिका म्हणाली. "नाही आलं तर मी बसणार. मलाही घर आहे." सेल्वी हे ऐकत होती आणि समुद्राकडे बघत होती.

घरी येऊन मी हे यमुनाक्कांना सांगितलं ते केवळ मनातून जात नव्हतं म्हणून. त्या कॉफी गाळत होत्या. गाळता गाळता थांबल्या, अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर टेकवून म्हणाल्या, "कोपर वाकतो कां तिचा? कुठपर्यंत?"

शाळेत न जाणाऱ्या मुलाला शाळेत घालावं तसं त्यांनी सेल्वीला पुढच्या आठवड्यात घरी आणवलं. सेल्वी दाराशीच थबकली. मासेवाली बाई असल्या सोवळ्या घरात कशी शिरणार असं तिला वाटलं असावं. यमुनाक्का म्हणाल्या, "आत ये, आधी मोजायचंय, मग लाज." बाहुल्यांचं प्लास्टर निघालं. उरलेल्या हाताचा साचा घेतला. तो पांढरा साचा वाळल्यावर त्यांनी गोलूच्या कपाटात, एका सरस्वतीशेजारी ठेवला, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

हात माणसाच्या अंगाच्याच जोरावर चालायचा होता. बॅटरी नाही, मोटर नाही. एक पट्टा दुसऱ्या काखेतून पाठीवर घ्यायचा, त्याला सायकलची ब्रेकची तार जोडायची, ती दंडावरून खाली हातापर्यंत. खांदा पुढं केला की तार ओढली जाते आणि पंजा हलतो. पंजा म्हणजे दोन जाड बोटं, चिमट्यासारखी. ही कल्पना जुनीच, परदेशातली, यमुनाक्कांनी ती पुस्तकातून आणि नेटवरून नीट अभ्यासली होती. त्यांची स्वतःची अट एकच होती: हातातला एकूण एक भाग घरात किंवा गल्लीच्या टोकाशी मिळाला पाहिजे. पट्टा शाळेच्या जुन्या दप्तराचा. बोटं सागवानी डावाच्या दांड्याची. उरलेल्या हातावर बसणारी नळी प्लंबरच्या पांढऱ्या पाइपची, गॅसवर मऊ करून साच्याभोवती वळवलेली. त्या दिवशी घरभर असा वास सुटला की रावांनी देवाची पूजा अर्ध्यात थांबवून खिडक्या उघडल्या.

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं छोटं युनिट आहे. कल्याणी तिचं नाव. आम्ही तिथं सांध्यासाठी एक खिळी मागायला गेलो तर ती हरखून गेली. म्हणाली, मॅडम, खिळी कशाला, मी सगळा पंजा स्टीलचा करून देते, नाहीतर पाच बोटांचा प्लास्टिकचा छापून देते, फुकट. मला वाटलं, चला, सुटलो. यमुनाक्कांनी तिला प्रेमानं जवळ घेतलं आणि विचारलं, "बुधवारी सकाळी एक बोट मोडलं तर सेल्वीनं गिंडीला यायचं कां? मासे कोण सांभाळणार, तू?" कल्याणी मला बाजूला घेऊन म्हणाली, मॅडम सेवा करताहेत पण हट्ट फार. ते नेमकं यमुनाक्कांच्या कानावर गेलं. "सेवा नव्हे ग ही," त्या रागानंच म्हणाल्या. "ड्रॉइंग आहे." खिळी शेवटी सायकलवाल्याकडची निघाली.

पहिला हात तयार झाला तेव्हा मला खाली बोलावणं आलं. यमुनाक्कांनी तो स्वतःच्या डाव्या हातावर, मूठ आत दाबून, चढवला होता. जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत बसून त्यांनी खांदा पुढं केला. बोटं उघडली. खांदा मागं, रबरानं बोटं मिटली, आणि त्यात कच्चं केळं पक्कं धरलेलं. सुरीनं त्याच्या चकत्या झाल्या. मग दोडका. मग पांढऱ्या भोपळ्याची फोड. राव टाळ्या वाजवायचे बाकी होते. आठवडाभर त्या घरात आणि पर्यायानं माझ्या घरात दोडक्याची भाजी होती.

आणि मग आम्ही तो हात कोवलमला नेला.

सेल्वीनं पाट टाकला, विळीवर पाय ठेवला. मल्लिकानं तिला एक वंजिरम दिला, म्हणजे आपली सुरमई, फार मोठी नव्हे. सेल्वीनं खांदा हलवून बोटं उघडली, मासा धरला. इथपर्यंत झकास. मग ती विळीवर वाकली आणि मासा पुढं रेटला. रेटल्याबरोबर पंजा उघडला. मासा पात्यावरून उडाला आणि वाळूत पडला. पुन्हा धरला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मल्लिकानं मासा मुकाट्यानं उचलला, धुतला आणि आपल्या पुढ्यात घेतला. बायका बघत होत्या, हसलं कुणी नाही, ते जास्त लागलं. सेल्वीनं पट्टा काढला आणि हात यमुनाक्कांच्या मांडीवर ठेवला. "टीचरम्मा," ती म्हणाली, "हा हात घाबरतो. पातं दिसलं की सोडून देतो."

बसमध्ये यमुनाक्कांनी तो हात पिशवीतसुद्धा घातला नाही, तसाच मांडीवर घेऊन बसल्या. जत्रा जवळ येत होती. मला एकदा वाटलं, कल्याणीकडे जाऊया का असं विचारावं. त्यांच्याकडे पाहून विचारलं नाही.

पुढचे काही दिवस त्या हात घालूनच वावरत. त्यांचं म्हणणं, तो घाबरतो तर कधी घाबरतो ते कळलं पाहिजे. हात घालून कॉफी केली, कपडे वाळत घातले, फोन धरला. कुठंच घाबरेना. मग एका सकाळी मी बँकेत निघाले तर त्या दाराबाहेर रांगोळी काढायला वाकलेल्या. तिकडे रोज सकाळी दारात रांगोळी, कोलम, घालतातच, आणि तीही बसून नव्हे, कमरेत वाकून. रांगोळीचा डबा त्यांनी नव्या हातात धरला होता. माझ्यादेखत डबा सुटला आणि पांढरी पूड उंबऱ्यावर सांडली. त्या सरळ झाल्या. डबा उचलला, पुन्हा धरला. पुन्हा वाकल्या. पुन्हा डबा खाली. त्या तशाच रांगोळीत बसकण मारून बसल्या. मी घाबरून धावले, म्हटलं चक्कर आली.

"मी खुर्चीत बसून केळं कापलं ग," त्या म्हणाल्या. "खुर्चीत."

त्यांचे गुडघे गेल्यापासून त्या विळीवर बसतच नव्हत्या, टेबलावर सुरीनं चिरत. आणि ज्या लोकांनी हा हात मुळात योजला ते सगळं टेबलाशी, ताठ बसून करणारे. ताठ माणूस खांदा पुढं करतो तो मुद्दाम, काही उघडायचं म्हणून. आपण वाकलो की खांदे आपोआप पुढं जातात, पाठ पसरते, तार ओढली जाते, पंजा उघडतो. विळीवर वाका, रांगोळीला वाका, पाणी भरायला, लेकराला उचलायला, देवाला वाका. "अम्ही सगळं वाकून करतों," त्या म्हणाल्या, "आणि वाकल्यावरच घट्ट धरायचं असतं. माझं सगळं बरोबर होतं. फक्त उलटं होतं." लुगडं सगळं पांढरं झालेलं, केसांत पूड, आणि चेहरा असा की मला त्यांचा मुका घ्यावासा वाटला. मी बँकेत उशिरा पोचले.

त्यांनी सगळं फिरवलं. आता तार ओढली की बोटं मिटणार आणि ढिली सोडली की रबर ती उघडणार. म्हणजे सेल्वी जितक्या जोरानं मासा पात्यावर रेटेल तितकी पकड आवळणार. पिशवी नुसती लटकवून न्यायची तर सारखा खांदा ताणून कोण ठेवणार, म्हणून खाली एक आकडा. हे सगळं दोन दिवसांत झालं. उरला प्रश्न माशाचा. दोडका बुळबुळीत नसतो.

एका शनिवारी यमुनाक्का वर आल्या. आल्या त्या कधी नव्हे त्या पदर डोक्यावरून घेऊन, चोरासारख्या. "कोकणकारी," त्या हळूच म्हणाल्या, "मज एक मासा हवा."

मी बांगडे आणले होते. ओट्यावर ताटलीत एक ठेवला. त्यांनी नाकाला कापराचा रुमाल बांधला, दुरूनच बघितलं, मग जवळून. बोट पुढं केलं, मागं घेतलं. शेवटी टेकवलं. "थंड असतो ग," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. पेन्सिल काढली, माझ्याकडून कागद घेतला आणि त्या बांगड्याच्या तीन आकृत्या काढल्या, वरून, समोरून, बाजूनं, खवल्यांची दिशा बाण काढून दाखवलेली. जन्मात मासा न शिवलेल्या बाईनं काढलेला इतका शिस्तशीर बांगडा कुठल्याही मासेवाल्याला हेवा वाटावा असा होता.

मग हात आणि मासा यांची लढाई सुरू झाली. लाकडी बोटांतून बांगडा साबणासारखा निसटे. सायकलच्या ट्यूबचं अस्तर लावलं, निसटला. कापड गुंडाळलं, ते भिजून आणखी बुळबुळीत झालं. मी म्हटलं, माझी आई राखेत हात घोळवते. म्हणाल्या, रोज राख कुठून आणायची. असं दोन शनिवार चाललं. त्या काळात मी इतके बांगडे खाल्ले की बांगड्यावरून माझं मन उडायची वेळ आली. खाली जायच्या आधी त्या माझ्याकडे न्हाणीघरात डोक्यावरून पाणी घेत, तरी एकदा राव जेवताना शांतपणे म्हणाले, "यमुने, तुझ्या पेन्सिलीस समुद्राचा वास येऊन आहे." मी तिथंच होते. ताक वाढून घेताना रावांनी फक्त विचारलं, "धरत नाही कां अजून?"

"नाही," यमुनाक्का म्हणाल्या.

"सरी," म्हणजे बरं, असं राव म्हणाले, आणि ताक प्यायले. दुसऱ्या दिवशी आमच्या मागच्या नळाशी एक नवी साबणाची वडी आणि बादली ठेवलेली होती.

उपाय शेवटी मोरीत सापडला. नारळाचा काथ्या, भांडी घासायचा. यमुनाक्का भांडी घासत होत्या आणि तेलकट पातेलं हातातून निसटत असताना काथ्याखाली मात्र अडकत होतं. काथ्याची जुडी दोन्ही बोटांना आतून बांधली, आणि बांगडा हलेना. रात्री काढून टाकायचा, सकाळी नवा बांधायचा. त्या गावात काथ्याला काय तोटा.

जत्रेनंतरच्या पहिल्या सकाळी आम्ही दोघी पहिल्या बसनं कोवलमला गेलो. माझी बदली आली होती, आठवडाभरात मी मालवणकडे निघणार होते. यमुनाक्कांनी बरोबर एक पिशवी घेतली होती, तीत रबरं, तार, पक्कड, काथ्या, दुरुस्तीचं सगळं. सेल्वीनं आपल्या जागी पाट टाकला. मल्लिका दोन हात अंतरावर आपला पाट उभा धरून थांबली, टाकला नाही. गिऱ्हाइकं येत, सेल्वीच्या हाताकडे बघत आणि पुढच्या बाईकडे जात. असं बराच वेळ चाललं. सेल्वी कुणाला हाक मारत नव्हती. यमुनाक्का होडीच्या आडोशाला उभ्या होत्या, रुमालाला कापूर लावलेला, पण रुमाल त्यांनी हातातच चुरगाळला होता. मी आमच्या देवाला नारळ बोलले.

मग एक हॉटेलवाला आला. त्याला घाई होती आणि कोण कापतंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्यानं टोपलीच सेल्वीपुढं ओतली. ती वाकली, मासा धरला, रेटला. पंजा आवळला. डोकं वेगळं झालं, शेपूट वेगळं झालं, पोट फाटलं. पुढचा मासा. यमुनाक्का बाजूनं बघत होत्या, मग मागं जाऊन पाठीवरची तार बघून आल्या.

टोपली अर्धी झाली असेल, तोच टचकन आवाज झाला. बोटं उघडणारं रबर तुटलं. पंजा माशावर मिटला तो उघडेचना. यमुनाक्कांनी पिशवीत हात घातला आणि एक पाऊल टाकलं. मी त्यांचा दंड धरला. का धरला मला सांगता येणार नाही. सेल्वीनं इकडंतिकडं पाहिलंच नाही. मासा ओढून काढला, शेजारी पडलेल्या सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी विळीवर कापली, एक टोक दातात धरलं, दुसरं उजव्या हातानं ओवलं, गाठ मारली, दोनदा खांदा हलवून बघितलं आणि हॉटेलवाल्याला म्हणाली, "मग, तुकडे की अख्खे?"

मल्लिकानं आपला पाट उचलला आणि ओळीच्या टोकाला जाऊन टाकला. जाताना सेल्वीच्या पुढ्यातली घाण पाण्यानं ढकलून दिली.

यमुनाक्कांनी पिशवी माझ्या हातात दिली. "समोरून बघायचं राहिलं," म्हणाल्या. समोर गिऱ्हाईक उभं राहतं. तोवर रांग लागली होती. आणि ही हिऱ्याची चमकी, चापूनचोपून नेसलेलं लुगडं आणि कपाळावर ठसठशीत कुंकू असलेली बाई त्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढचे दोघं आपणहोऊन बाजूला झाले, त्यांना त्यांनी परत पुढं ढकललं. पाळी आली. सेल्वीनं मान वर न करता विचारलं, "कुठला? किती जाड?"

यमुनाक्कांना माशाचं एकही नाव येत नव्हतं. त्यांनी बोट दाखवलं. "बारा मिलिमीटर," म्हणाल्या.

सेल्वीनं वर बघितलं. मग ती म्हणाली, "टीचरम्मा, वास येईल," आणि वाकून कापायला लागली. तुकडे झाले, डब्यात पडले. यमुनाक्का तिथंच उभ्या. मागचा माणूस म्हणाला, "अम्मा, झालं ना तुमचं? सरका." सेल्वीही म्हणाली, "सरका टीचरम्मा, उजेड अडतोय." त्या सरकल्या.

परतीच्या बसमध्ये माशाचा डबा त्यांनी मला दिला नाही, आपल्याच मांडीवर ठेवला. मी विचारलं, "मग, समोरून कसा दिसला हात?"

"दिसला नाही ग," यमुनाक्का म्हणाल्या. "मासे, विळी, मग तिचं तोंड. भाव करून होती. हात दिसतच नाही समोरून." त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसले नाहीत, एक हात डब्यावर आणि एक पुढच्या सीटच्या दांड्यावर होता.

गल्लीत शिरलो तर राव फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. मी चपलेचा पट्टा लावायला मागं थांबले, म्हणून मला त्या दोघांना बाजूनं बघता आलं. रावांनी डब्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं.

"धरतं कां?"

"धरतं," त्या म्हणाल्या. "सोडतं पण."

फाटकाची कडी दोन हातांनी काढावी लागते. रावांनी उठून आपला हात पुढं केला, यमुनाक्कांनी माशाचा डबा त्यांच्या हातात दिला आणि त्या कडी काढायला वाकल्या. अंबाड्यात मोगरा सुकला होता, पेन्सिल जागेवर होती.